फॉरमॅट मारण्याआधी
घरचा संगणक : भाग ७

संगणक वारंवार बंद पडू लागला की दुरुस्तीवाल्याचं उत्तर बहुधा तयार असतं : 'फॉरमॅट मारावा लागेल.' मग घाईघाईने फोटो पेनड्राइव्हवर चढतात, काही चढायचे राहतात, विंडोज नव्याने टाकलं जातं. चार दिवस मशीन गुणी बाळासारखं चालतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा कोसळतं. फॉरमॅटने फक्त सॉफ्टवेअर बदलतं. दोष रॅममध्ये, एसएमपीएसमध्ये किंवा भिंतीतल्या विजेत असेल, तर त्याला फॉरमॅटचा पत्ताही लागत नाही. संगणक संथ का होतो ते गेल्या भागात पाहिलं. कोसळणं हे वेगळं दुखणं आहे आणि त्याचा शोध औषधापासून नव्हे, नोंदींपासून सुरू करायचा.

पहिली नोंद तुमची : तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होतं, लाइट गेली होती का, आणि मशीन नेमकं कसं बंद पडलं. निळा पडदा आला, की काही न सांगता अंधार झाला? या एका प्रश्नाने शोध निम्मा होतो.

निळ्या पडद्याला लोक उगाच घाबरतात. विंडोजच्या गाभ्याला मेमरीत काहीतरी भलतंच आढळलं, तर तसंच पुढे रेटण्यात डिस्कवर कचरा लिहिला जाण्याचा धोका असतो, म्हणून ते स्वतःहून थांबतं. थांबण्याआधी कारणाचा कोड दाखवतं आणि जमल्यास मेमरीचा तुकडा फाइलमध्ये साठवतं. (२०२५पासून विंडोज ११मध्ये हा पडदा काळा झाला आहे, काम तेच.) मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढा. दरवेळी कोड तोच असेल आणि सोबत एखाद्या फाइलचं नाव येत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. कोड रोज नवा असेल, आज मेमरीचा तर उद्या आणखी कशाचा, तर रॅम किंवा वीजपुरवठा तपासावा.

ड्रायव्हर काय करू शकतो हे १९ जुलै २०२४ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकायची. लाखो मशीन आडवी झाली, पण त्यासाठी फॉरमॅटची गरज नव्हती. घरी तसला प्रसंग आला तर हीच वाट : सेफ मोडमध्ये मशीन नीट चालत असेल, तर नुकताच टाकलेला ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस काढून पाहा.

दुसरी नोंद विंडोज ठेवतं आणि ती फारसं कुणी उघडत नाही. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' एवढं टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' समोर येतं. तारखेवार तक्ता, कोसळण्याच्या दिवशी लाल फुली आणि कोणत्या दिवशी कोणतं अपडेट आलं तेही खाली. फुल्या कधीपासून सुरू झाल्या ते पाहा. इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून मात्र निष्कर्ष काढू नका. मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, इतकंच ती सांगते. पंचनाम्यात मृतदेह सापडल्याची नोंद असावी आणि मारेकऱ्याचं नाव नसावं, तसं आहे ते.

आता निळा पडदा न येता होणारा अंधार. आपल्या घरांत याची पहिली चौकशी विजेची व्हायला हवी, आणि होते मात्र शेवटी. यूपीएसमधली १२ व्होल्टची छोटी बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएसचा दिवा हिरवाच राहतो, पण लाइट गेली की तो क्षणात मान टाकतो. फायली सेव्ह करून बंद करा, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा आणि काय होतं ते पाहा. घराला इन्व्हर्टर असेल तर आणखी एक गंमत आहे. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. ट्यूबलाइट नुसती लुकलुकते, पण चांगला एसएमपीएसही विजेविना साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'चा स्विच असतो. तो साध्या मोडवर असेल तर संगणक दर भारनियमनाला रीस्टार्ट होणारच, आणि बिचाऱ्या विंडोजला बोल लागणार. लॅपटॉपवाल्यांना यातलं काही लागू नाही. त्यांची बॅटरी पोटात असते.

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू असतानाच बंद पडत असेल तर उष्णता पाहा. धुळीने बुजलेला हीटसिंक, वाळलेली थर्मल पेस्ट. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासणं हा आपल्याकडचा लाडका इलाज. तो कधीकधी लागू पडतो, पण माझ्या मते श्रेय खोडरबराचं नसून पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवण्याचं असतं. खरी तपासणी विंडोजच्या मेमरी डायग्नॉस्टिकने किंवा पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्टने होते. ती रात्रभर चालू द्या. एक चूक दाखवली तरी पट्टी बाद. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून चालवा.

आणि पडद्यावरचा संदेश शब्दशः खरा मानू नका. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम कोसळताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येई. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत राहिले. दुखणं प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचं निघालं. इंटेलने ऑगस्ट २०२४पासून बायोस अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. तुमचा या पिढीतला असेल तर बायोसची तारीख तपासा.

एका वेळी एकच बदल करा. रॅम बदलली, ड्रायव्हर काढला आणि यूपीएसही वगळला, तर गुन्हेगार कोण हे कधीच कळणार नाही. बदलानंतर किती थांबायचं हे मशीनच्या सवयीवर ठरवा. आठवड्यातून एकदा कोसळणारं मशीन दोन दिवस नीट चाललं याला काही अर्थ नाही. फॉरमॅटची कीर्ती याच दोन दिवसांवर उभी आहे. व्हायरस घुसला असेल किंवा हार्डवेअर तपासून निर्दोष ठरलं असेल, तर फॉरमॅट जरूर मारा.

पुढच्या भागात हार्ड डिस्क आणि एसएसडी मरणाआधी देतात त्या सूचना पाहू. तोवर एक काम करा. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क कुलूपबंद असते आणि दुरुस्तीच्या वेळी बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. मशीन चालू आहे तोवर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा.