मंद संगणक आणि पेन ड्राइव्हची कुमक

संगणक मंदावला म्हणजे आपण सहसा प्रोसेसरला बोल लावतो; परंतु ज्या यंत्रात रॅम अपुरी आणि सारी साठवण फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर, तेथील दिरंगाईचे मूळ गणनेत नसून शोधात असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचकशीर्ष योग्य वर्तुळावर सरकावे आणि मग हवी ती नोंद सरासरी अर्ध्या फेऱ्याने त्याच्याखाली यावी, एवढा कालव्यय प्रत्येक विखुरलेल्या तुकड्यामागे होतो.

फ्लॅश स्मृतीत हलणारा भागच नाही. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात सिद्ध केलेल्या या स्मृतीत माहिती विद्युत्भाराच्या रूपाने राहते, आणि तिचा कोणताही तुकडा जवळजवळ सारख्याच अल्पावधीत हाती येतो. म्हणूनच सलग मोठी फाइल वाचण्यात हार्ड डिस्क साध्या पेन ड्राइव्हला मागे टाकीत असली, तरी चार-चार किलोबाइटांचे विखुरलेले तुकडे वेचण्यात पेन ड्राइव्ह सरस ठरू शकतो.

२००७ साली ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रेडीबूस्ट’ नावाने जी तजवीज केली, ती या विशेषावरच आधारलेली होती. अस्सल दफ्तर हार्ड डिस्कवरच राहते. वारंवार लागणाऱ्या कागदांच्या नकला तेवढ्या पेन ड्राइव्हवर ठेवल्या जातात, आणि त्याही आकाराने आवळून व १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध करून. त्यामुळे ड्राइव्ह मध्येच उपसला तरी माहितीस धक्का पोहोचत नाही, आणि परक्या हाती पडला तरी त्यातून सहजी काही उमगत नाही. सलग वाचनाची मागणी मात्र हार्ड डिस्ककडेच जाते. ड्राइव्हवर किमान २५६ एमबी जागा असावी आणि विखुरलेल्या वाचनाचा वेग सेकंदास निदान २.५ एमबी असावा, अशा शर्ती होत्या. त्या पुऱ्या झाल्या, की ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रेडीबूस्ट’ विभागातून ही सोय सुरू करता येई.

तथापि पेन ड्राइव्ह रॅमची जागा घेत नाही, कारण त्यावरील माहिती वापरण्यापूर्वी रॅममध्ये आणावीच लागते. ५१२ एमबी रॅमच्या यंत्रास या उपायाचा लाभ जाणवे. रॅम मुबलक असता तो नाममात्र राही, आणि यंत्राची मुख्य साठवणच वेगवान एसएसडीवर असेल तर विंडोज स्वतःच ही सोय नाकारते. तेव्हा घरात पडून असलेला ड्राइव्ह जुन्या यंत्रास अवश्य जोडून पाहावा; पैसे खर्चावयाचे असतील, तर ते मात्र रॅम किंवा एसएसडीवरच खर्चावेत.