इडलीनंतर इन्सुलिन सुटतं कसं?

चेन्नईच्या मैलापुरात सकाळी गरम इडली पोटात गेली की थोड्याच वेळात रक्तातली साखर वाढते. ती स्वादुपिंडाच्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरते आणि तिच्यापासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं. एटीपी वाढलं की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं मिटतात, विद्युतदाब बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात. आत घुसलेलं कॅल्शियम हाच इशारा. इन्सुलिनने भरलेल्या पुटिका आवरणाशी एकजीव होऊन रित्या होतात. मज्जातंतूच्या टोकाशी रासायनिक निरोप सुटतो तोही कॅल्शियममुळेच, फक्त कितीतरी झटपट.

काही बाळांमध्ये केसीएनजे११ या जनुकातल्या बदलामुळे पोटॅशियमचं दार नीट मिटतच नाही. इन्सुलिन तयार असतं, पण अडकून पडतं, आणि वयाच्या पहिल्या ६ महिन्यांतच मधुमेह होतो. हे कोडं २००४मध्ये सुटलं. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी ते दार थेट बंद करते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये अशा बाळांची जनुकतपासणी होते. हा बदल सापडला तर बहुतेकांची इन्सुलिनची सुई सुटून गोळी सुरू करता येते. तान्ह्याच्या मांडीत रोज सुई टोचणाऱ्या आईसाठी याहून मोठी बातमी कोणती?