माईक हातात येण्याआधी: पत्रकारिता शिकणारे दिवसभर करतात तरी काय?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. बारावी झाली किंवा बी.ए. झालं, लिहायची आवड आहे, घरचे म्हणतात एमपीएससी कर किंवा बी.एड. कर. आणि मनात आहे पत्रकारिता. मग प्रश्न येतो, तिथे शिकवतात काय? आणि शिकून होतं काय?

मी स्वतः बी.टेक., सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण माझी मावस बहीण इथेच, आपल्या छत्रपती संभाजीनगरात, पत्रकारितेचं एम.ए. करतेय. दुसरं वर्ष. मावशीचं गाव जालना जिल्ह्यात, घरी कापसाची शेती. गेले दीड वर्ष ती आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे जेवायला येते आणि जेवता जेवता मला प्रश्न विचारून हैराण करते. आज जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं तिच्या आणि तिच्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या बोलण्यातून आलंय.

डिग्री लागतेच का?

सरळ उत्तर: कायद्याने नाही. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. पत्रकाराला आपल्या देशात असं काही लायसन्स लागत नाही. घटनेच्या कलम १९(१)(क) मधलं बोलण्याचं, मत मांडण्याचं स्वातंत्र्य जे तुम्हाला-मला आहे, तेच पत्रकाराला आहे. वर्तमानपत्राची नोंदणी करावी लागते, पत्रकाराची नाही.

आमच्या फील्डमध्येही डिग्री नसलेले भारी कोडर असतात. मग कॉलेजात का जायचं? कारण कॉलेजात चूक स्वस्तात होते. वर्गात चुकीचं नाव लिहिलं तर मार्क जातात. पेपरात चुकीचं नाव छापलं तर एखाद्याची अब्रू जाते.

आपल्या शहरात हे शिकायची सोय जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, एमजीएमचं पत्रकारितेचं कॉलेज आहे. मुलं येतात बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून. बहुतेकांच्या घरात कुणी पत्रकार नसतो. गावातला तालुका वार्ताहर हा त्यांनी पाहिलेला पहिला आणि शेवटचा पत्रकार.

दिवस कसा जातो?

सकाळ सुरू होते पेपरांनी. एक नाही, चार-पाच. काम असं, की एकच बातमी सगळ्या पेपरांत शोधायची. मथळा कुणी काय दिला, पहिल्या पानावर कुणी घेतली, आत कुणी ढकलली, कुणी घेतलीच नाही. आपलं शहर या बाबतीत श्रीमंत आहे. १९८२ मध्ये 'लोकमत'ने इथे आवृत्ती काढली, २०११ मध्ये 'दिव्य मराठी'ची सुरुवात इथूनच झाली. वाचायला, तुलना करायला कमी नाही.

मग लेक्चर: माध्यमांचे कायदे, इतिहास, संज्ञापनाचे सिद्धांत. खरं सांगायचं तर इथे मागचे बाक मोबाइलवर असतात. दुपारी प्रॅक्टिकल: कॅमेरा, एडिटिंग, पेज लेआउट, बुलेटिन वाचन. आणि संध्याकाळी बाहेर. पत्रकार परिषद, आंदोलन, मार्केट यार्ड, घाटी रुग्णालय, नाट्यगृह. आठशे शब्द लिहून आणायचे आणि सरांनी ते लाल पेनाने तीनशे करायचे. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो, अगदी तसंच. फक्त आमचा रिव्ह्यूअर 'प्लीज' म्हणतो.

सहा 'क'

पहिल्या आठवड्यात शिकवतात ते सहा 'क'. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. मराठीत सगळे प्रश्न एकाच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे. वापरायला मात्र अवघड. एक खरी बातमी घेऊन बघू.

८ मे २०२०. लॉकडाऊन. आपल्या जिल्ह्यात करमाडजवळ पहाटे मालगाडीखाली मजूर सापडले. सुरुवातीला आकडा आला १४, नंतर झाला १६. मध्य प्रदेशातले मजूर, जालन्यात स्टीलच्या कारखान्यात काम करणारे. रुळांवर पडलेल्या भाकरी-पोळ्यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल.

आता बघा. कोण, काय, कुठे, केव्हा. हे चार 'क' पोलिसांना फोन केला की मिळतात. तासाभरात सगळ्या चॅनेलवर तेच होतं. आणि त्याबरोबर सोशल मीडियावर लगेच सुरू झालं, "रुळांवर झोपतं का कुणी?"

उत्तर उरलेल्या दोन 'क'मध्ये होतं. का आणि कसं. त्यासाठी वाचलेल्या मजुरांशी बोलावं लागलं. घरी जायला गाडी मिळेल या आशेने ते भुसावळकडे निघाले होते. रात्रभर चालून थकले. प्रवासी गाड्या बंद होत्या, त्यामुळे रुळांवर काही येणार नाही असं त्यांना वाटलं. मालगाड्या मात्र चालू होत्या. परवानगीसाठी अर्ज केला होता, ती मिळाली नव्हती, असंही वाचलेल्यांनी पत्रकारांना सांगितलं.

हे सगळं कळल्यावर 'रुळांवर झोपतं का कुणी' हा प्रश्नच बदलतो. तो होतो, 'माणसांवर रुळांवरून चालायची वेळ कुणी आणली?' पहिल्या प्रश्नात मजूर दोषी आहेत. दुसऱ्यात आपण सगळे उत्तर द्यायला बांधील आहोत. फरक पडला तो कुणीतरी जाऊन विचारलं म्हणून.

"तुला कसं माहीत?"

बहिणीला मी विचारलं होतं, दीड वर्षात सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य ऐकलंस? ती म्हणाली, "दादा, 'तुला कसं माहीत?' रोज. प्रत्येक ओळीला."

समजा असाइनमेंट आहे: आपल्या शहरातलं पाणी. विषय घरोघरचा. तुम्ही लिहिता, "शहरात पाण्याची भीषण टंचाई आहे, नागरिक त्रस्त आहेत." सर विचारणार, तुला कसं माहीत? नागरिक म्हणजे किती जण? कुठल्या वॉर्डातले? भीषण म्हणजे किती दिवसांनी?

मग खरं काम सुरू होतं. एक, चार वेगवेगळ्या वस्त्यांत जाऊन महिनाभर पाणी आल्याच्या तारखा वहीत लिहायच्या. लोकांची आठवण नाही, तारीख. कारण वैतागलेला माणूस आठ दिवसांचे पंधरा करतो आणि अधिकारी आठाचे चार. दोघंही खोटं बोलत नसतात, दोघंही अंदाज सांगत असतात. दोन, टँकरवाल्याशी बोलायचं, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या लाइनमनशी बोलायचं. शहराचं पाणी जायकवाडीहून कसं येतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तीन, कागद. नवीन पाणीपुरवठा योजना १,६८० कोटींची म्हणून सुरू झाली आणि पुढे २,७४० कोटींवर गेली. का गेली? हे कुणाच्या भाषणात नाही, फायलीत सापडतं.

फाइल मिळवायचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये, एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग. आयोगाचं खंडपीठ आपल्याच शहरात आहे. आणि लक्षात घ्या, हे करायला प्रेस कार्ड लागत नाही. तुम्हीसुद्धा करू शकता.

बहिणीच्या वर्गात एक गंमत असते. अर्ज टाकला की मुलं मोबाइलमध्ये ३० दिवसांनंतरचा रिमाइंडर लावतात. उत्तर येतं तेव्हा कधी कधी सेमिस्टर संपलेलं असतं. तरी पाठपुरावा सोडत नाहीत. बातमीला बराच वेळ वाट बघावी लागते, हेही तिथेच कळतं. रील बघणाऱ्या आपल्या पिढीला हा भाग सगळ्यात जड जातो.

शहर हाच वर्ग

आता थोडा इतिहास. परीक्षेत येतो म्हणून नाही, आपल्या अंगावर येतो म्हणून.

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं. म्हणून ६ जानेवारी हा आपल्याकडे पत्रकार दिन. बाळशास्त्री तेव्हा जेमतेम विशीतले. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा ते २८ वर्षांचे. म्हणजे वयाने आपल्यातलेच.

आणि मराठवाडा तेव्हा होता निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथे शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवायचा. संस्थान भारतात विलीन व्हावं, असं तो उघडपणे लिहायचा. रझाकारांच्या दहशतीच्या काळात. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री कामावरून घरी जाताना त्याच्यावर हल्ला झाला, लिहिणारा हात तोडला आणि त्याला ठार मारलं. वय २७. त्यानंतर महिनाही झाला नाही तोवर, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झालं. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, सुट्टी घेतो. शोएबुल्लाचं नाव किती जणांना माहीत आहे?

पुढे आपल्या शहरातून 'मराठवाडा' हे वृत्तपत्र गाजलं. संपादक अनंत भालेराव, स्वतः मुक्तिसंग्रामात लढलेले. या भागाचे प्रश्न या पत्राने लावून धरले. पण विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न आला तेव्हा याच 'मराठवाडा'ची भूमिका नामांतराच्या विरोधात होती. आणि त्याच शहरात, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, १९६७ पासून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' उभं केलं. इतरत्र ज्यांचं लिखाण छापून येत नव्हतं, अशा कितीतरी दलित लेखकांना त्यातून जागा मिळाली. याच पानतावण्यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर अभ्यासग्रंथ लिहिला. नामांतर शेवटी झालं १४ जानेवारी १९९४ ला.

बहीण म्हणाली, "मला आधी वाटायचं पेपर म्हणजे एकतर चांगला, नाहीतर विकला गेलेला. आता वाटतं, पेपर म्हणजे माणसंच. एका ठिकाणी जीव लावून लढतील आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांना दिसणारच नाही. म्हणून एका गावाला एक पेपर पुरत नाही." ज्या विद्यापीठात ती शिकते, त्याच्या नावातच हा सगळा धडा आहे.

आता पैशाचं बोलू

गोड बोलण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो, आमच्या आयटीतल्या फ्रेशरपेक्षा बराच कमी. इंटर्नशिप अनेकदा बिनपगारी. ग्रामीण वार्ताहरांना बऱ्याच ठिकाणी मानधन नावापुरतं मिळतं आणि वर जाहिराती आणायची अपेक्षा असते. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची, हा प्रश्न पुस्तकात एका परिच्छेदात असतो आणि नोकरीत रोज असतो. मुलींना रात्रीच्या शिफ्टचं घरी समजावणं हा आणखी वेगळा विषय.

आणि एआय. प्रेस नोटवरून बातमी लिहायला एआयला दहा सेकंद लागतात. हे मी आनंदाने सांगत नाही, पण खरं आहे. ज्याचं काम फक्त आलेली प्रेस नोट सरळ करणं होतं, त्याची जागा धोक्यात आहे. ज्याच्याकडे वहीत महिनाभराच्या तारखा आहेत आणि लाइनमनचा नंबर आहे, त्याचं काम मशीनला येत नाही. निदान अजून तरी.

सध्या बहिणीसमोर दोन रस्ते आहेत. पुण्यातल्या एका कंपनीत कंटेंट रायटर, पगार बरा. किंवा इथेच एका दैनिकात प्रशिक्षणार्थी, पगार त्याच्या निम्म्याहून कमी. मावशी म्हणते पुणे. काका काही बोलत नाहीत, पण यंदा कापसाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी इंजिनिअरसारखं एक्सेल शीट काढून दिलं: भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे. शीटमध्ये पुणे जिंकलं.

ती शीट बघून म्हणाली, "हिशोब बरोबर आहे. पण तिथे मला कुणी विचारणारच नाही, तुला कसं माहीत म्हणून." अजून तिने ठरवलेलं नाही. महिन्याच्या शेवटी सांगायचं आहे. मी तिला सल्ला देणं थांबवलंय, कारण घरच्या गरजेचा हिशोबही खराच आहे.

तुम्ही ठरवताय? मग आधी हे करा

ॲडमिशनच्या आधी एक महिना द्या. रोज दोन पेपर, एकच बातमी, फरक लिहून काढा. तुमच्या गल्लीतला एक प्रश्न घ्या आणि त्यावर तीन माणसांशी बोला, त्यातला एक तुम्हाला न आवडणारा असू द्या. एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचा तर प्रश्न आहे. महिन्यानंतरही उत्साह टिकला तर या कोर्सला नक्की जा. आणि कंटाळा आला, तर टीव्हीवर दिसायचं होतं की पत्रकार व्हायचं होतं, हे तुमचं तुम्हाला कळेल. दोन्हीत वाईट काही नाही, पण दोन्ही वेगळं आहे.

ज्यांना पत्रकार व्हायचंच नाही, त्यांनाही यातलं एक फुकट घेता येईल. उद्या फॅमिली ग्रुपवर काही फॉरवर्ड आलं की भांडू नका, खोटं आहे म्हणून ओरडू नका. फक्त विचारा, "काका, तुम्हाला कसं माहीत?" प्रेमाने विचारा. आणि ग्रुपवर दोन मिनिटं कशी शांतता पसरते ते बघा.

तुमच्यापैकी कुणी पत्रकारिता शिकत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावू. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.