दोन घरचा पाहुणा

१९८७ च्या मार्च महिन्यांत आयलंड या कंपनीनें 'यू-टू' या आयरिश बँडची 'द जोशुआ ट्री' ही ध्वनिमुद्रिका बाजारांत आणली आणि ती पाहतां पाहतां जगभर गाजली. त्याच वर्षीं त्याच कंपनीनें आणखी एका बँडची ध्वनिमुद्रिका विकावयास घेतली होती. तिची आठवण आज थोड्यांनाच आहे. हा बँड म्हणजे कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथील 'द सेव्हंटी सेव्हन्स'.

त्याचें मूळ एका ख्रिस्ती मंडळींत सांपडतें. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील अनेक भटके, केस वाढविलेले तरुण धर्माकडे वळले. येतांना त्यांनीं गिटारही बरोबर आणली. वडीलधाऱ्यांनीं नाकें मुरडलीं, तरी लॅरी नॉर्मनच्या १९६९ मधील ध्वनिमुद्रिकेपासून रॉक संगीतांतून भक्ति गाण्याचा प्रघात पडत गेला. सॅक्रामेंटोची 'वेअरहाउस' मंडळी याच लाटेंतली. तिच्या छायेखालीं 'एक्झिट' ही लहानशी कंपनी निघाली व तिनें गायक-गिटारवादक माइक रो याच्या बँडला हात दिला. आरंभीं त्याचें नांव 'स्क्रॅच बँड' असें होतें. वादक कच्चे नव्हते. ड्रम वाजविणारा ॲरन स्मिथ हा 'टेम्प्टेशन्स'च्या १९७२ मधील 'पापा वॉज अ रोलिन स्टोन' या विख्यात गीतांत वाजवून आलेला होता.

मग अडलें कोठें? अमेरिकेंत ख्रिस्ती संगीताचा बाजारच निराळा होता. तीं गाणीं बायबलें विकणाऱ्या दुकानांत मिळत. त्यांचीं नभोवाणी-केंद्रें वेगळीं, मासिकेंही वेगळीं. तेथील गिऱ्हाइकास निःशंक श्रद्धेचें गीत हवें असे. रो याच्या गीतांत मात्र मोह, पश्चात्ताप आणि संशय हीं एकत्र नांदत. १९८७ च्या संग्रहांतील 'द लस्ट, द फ्लेश, द आइज अँड द प्राइड ऑफ लाइफ' या गीताचें नांव योहानाच्या पहिल्या पत्रांतून घेतलेलें. पण गाणारा उपदेश करीत नाहीं, स्वतःची कबुली देतो. हा सूर धार्मिक दुकानांना अवघड वाटे, आणि बाहेरच्या बाजारांत मंडळीचा शिक्का आडवा येई. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी गत झाली.

'यू-टू'च्या चौघांपैकीं तिघेही तरुणपणीं डब्लिनमधील एका प्रार्थनासंघांत होते. भक्ति त्यांच्याही गीतांत आहे. परंतु ते आरंभापासून सामान्य दारानेंच बाजारांत शिरले, म्हणून त्यांना कोणी धर्म विचारला नाहीं. कंपनीचें सारें लक्ष तिकडे गेलें, अशी 'सेव्हंटी सेव्हन्स'च्या चाहत्यांची तक्रार आहे. ती खरी धरली, तरी दाराचा भेद उरतोच.

पुढें जुने सोबती पांगले. मागें राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून १९९० सालीं 'स्टिक्स अँड स्टोन्स' निघाली. पुष्कळ रसिक तिलाच श्रेष्ठ मानतात, आणि उरल्यासुरल्या सामग्रीची ही योग्यता पाहून नवल वाटतें. १९९२ मध्यें नव्या संग्रहास 'प्रे नेकेड' म्हणजे 'विवस्त्र होऊन प्रार्थना करा' हें नांव ठरलें होतें. देवापुढें कांहीं लपवूं नये एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण धार्मिक बाजारास तो शब्द सोसला नाहीं, आणि संग्रहावर केवळ बँडचें नांव छापलें गेलें.

रो थांबला नाहीं. १९९१ पासून तो 'लॉस्ट डॉग्ज' या दुसऱ्या मेळ्यांतही गाऊं लागला. २००८ सालीं 'सेव्हंटी सेव्हन्स'नें 'होली घोस्ट बिल्डिंग' हा संग्रह काढला. त्यांत त्यांनीं जुनीं, परंपरागत भक्तिगीतें गाइलीं.