वऱ्हाडातल्या कानसेनांची सत्तर वर्षे

उत्तम यंत्रावर उत्तमच रेकॉर्डिंग वाजवावे, असा ध्वनिवेड्यांचा आग्रह असतो. वऱ्हाडात तो टिकत नाही. गाडगेबाबांचा आवाज आपल्याला मिळाला तोच मुळी खरखरीसकट. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आणि पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. हे कीर्तन चांगला हेडफोन लावून ऐकावे. बाबा प्रश्न टाकतात, जमाव एका दमात उत्तर देतो, आणि ते उत्तर विरायच्या आत पुढचा प्रश्न आलेला असतो. मोबाइलच्या स्पीकरवर हाच जमाव नुसता गलका वाटतो.

तुकडोजी महाराजांची खंजिरी तर यंत्राची परीक्षाच घेते. कातड्यावरची थाप आणि कडेच्या चकत्यांची किणकिण एकाच क्षणी उठते. स्पीकर ढिला असेल तर दोन्हींचा चुरा होतो. दुकानात सेट दाखवताना परदेशी जॅझ लावतात. मी तुकडोजींच्या गुरुकुंज मोझरीची भजने लावायला सांगतो.

मग गझल आली. अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांची ‘मालवून टाक दीप’ लताबाईंच्या आवाजात, हृदयनाथांच्या चालीत रेडिओवरून घरोघरी पोचली. पुढे अमरावती जिल्ह्याच्याच भीमराव पांचाळे यांनी मराठी गझलेची मैफल उभी केली. १९८१ च्या ‘अरे संसार संसार’मधून अकोल्याच्या विठ्ठल वाघांची ‘काळ्या मातीत मातीत’ ही कविता चित्रपटगीत झाली.

पण खरी उलथापालथ केली कॅसेटने. आवाजाच्या दर्जात ती एलपीच्या मागेच होती, तरीही माझे मत तिच्या बाजूने आहे. प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते, विठ्ठलाची गाणी, गझल, कव्वाली हे सगळे तिच्यामुळे एकाच टेपरेकॉर्डरवर आले. गाणे विकत घेणे सामान्य घराला परवडू लागले, आणि कान तिथे रुंदावले.

अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्यात एलपी वाकते, फीत चिकटते, तिच्यावरचा चुंबकी थर झडतो. गावच्या भजनी मंडळाच्या, जलशाच्या, कीर्तनाच्या घरगुती टेपा तुमच्या माळ्यावर असतील तर पुढच्या एप्रिलआधी खाली काढा. जाणकाराकडून २४ बिटमध्ये उतरवून घ्या, खरखर पुसायच्या नादी लागू नका, आणि मूळ फीतही फेकू नका.