खेळ फुकट, पुस्तक विकत

बीडच्या खजाना विहिरीत पाच जण उतरलेत असं समजा. खरे उतरलेले नाहीत, टेबलाभोवती बसलेत. त्यातली एक जण सांगते, "समोर भुयार आहे. आतून कुणीतरी हाक मारतंय. काय करता?" दुसरा म्हणतो, "मी आत शिरतो." "धार जोराची आहे. टाक फासा, पंधरा हवेत." वीस बाजूंच्या फाशावर बारा पडतात. ताकदीचे दोन मिळवले तरी चौदाच. पाय घसरतो.

याला म्हणतात भूमिका-खेळ, म्हणजे रोल-प्लेइंग गेम. गोष्ट चालवणारी ती सूत्रधार, बाकीचे चौघे एकेक पात्र. सामान काय लागतं? फासे, कागद, पेन्सिल आणि नियमांचं एक पुस्तक. ते एकदा घेतलं की दहा वर्षं खेळा, कुणी पैसे मागायला येत नाही. प्रकाशकाची अडचण नेमकी इथेच सुरू होते.

आधी गिऱ्हाईक मोजू. खेळणारे पाच, पण पुस्तक बहुधा सूत्रधारच घेते. तयार साहसकथा, म्हणजे कोणत्या खोलीत काय आहे आणि कोण कुणाचा वैरी हे मांडलेली पुस्तिका, तिच्या सगळ्यात उपयोगाची. पण ती टेबलामागे एकच खपते. उलट पात्रांना नव्या विद्या, नवी शस्त्रं देणारं पुस्तक पाचही जण घेऊ शकतात. प्रकाशक कशावर जोर देणार, हे आपल्या लक्षात आलंच असेल.

आता नवी विद्या जुनीपेक्षा जराशी वरचढ नसेल तर ती कोण विकत घेईल? म्हणून प्रत्येक पुस्तकागणिक पात्रं बळकट होत जातात. सूत्रधाराने रात्र जागून रचलेला राक्षस दोन फेऱ्यांत आडवा होतो. नियमांचा ढीग वाढतो आणि नवखा माणूस तो पाहूनच मागे फिरतो.

मग येते नवी आवृत्ती. या खेळांत सगळ्यात गाजलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती २००० साली आली, तिची दुरुस्ती २००३ मध्ये, चौथी २००८ मध्ये, पाचवी २०१४ मध्ये आणि तिचं सुधारित रूप २०२४ मध्ये. अभ्यासक्रम बदलला की जुनी गाईडं रद्दीत जातात, तसं काहीसं. फरक एवढाच, की जुन्या पुस्तकावरून खेळायला आपल्याला कुणी अडवत नाही. आणि सगळाच दोष धंद्याला देऊ नये. पाचव्या आवृत्तीने नियम खरोखरच सोपे केले.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र विक्रीच्या हिशेबात होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी केलेला हा खेळ १९७४ मध्ये टीएसआर या अमेरिकी कंपनीने पहिल्यांदा काढला, तेव्हा छापले होते १००० संच. पुढे नव्वदीच्या दशकापर्यंत कंपनीने कल्पित जगांची रांगच लावली: रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप. प्रत्येक जगाला लेखक, चित्रकार, नकाशे. खर्च दर वेळी तेवढाच. गिऱ्हाईक मात्र वाटलं गेलं. डार्क सन खेळणारा प्लेनस्केप कशाला घेईल?

त्यात वितरक रँडम हाउस माल पोचला की आगाऊ पैसे देई आणि न खपलेला माल परत करी. पैसे हवेत म्हणून छापा, छापलं ते परत आलं की त्याचं देणं उभं! शेवटी १९९७ मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रोने घेतलं. ही तीच हॅस्ब्रो, जिने एमआरएफबरोबर भागीदारीत आपल्याकडे फनस्कूल सुरू केली.

नव्या मालकांनी २००० साली एक हुशार तोड काढली, खुला परवाना. आमचे मूळ नियम घ्या, त्यावर आपली पुस्तकं काढा आणि विका. कमी नफ्याच्या साहसकथा इतरांनी छापाव्यात आणि त्या खेळण्यासाठी मुख्य पुस्तक आमचं खपावं, असा हिशेब. जानेवारी २०२३ मध्ये परवाना आवळायचा मसुदा बाहेर फुटला: साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उलाढालीवर २५ टक्क्यांपर्यंत वाटा. खेळणारे खवळले आणि त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन मूळ नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. कंपनीला श्रेय दिलं की झालं.

म्हणजे धारूरच्या किल्ल्यावर किंवा अंबाजोगाईच्या लेण्यांत घडणारा मराठी खेळ आपणही काढू शकतो. तसंही कायदा शब्दांना आणि चित्रांना संरक्षण देतो, फासा टाकण्याच्या कल्पनेला नाही.

असा खेळ लिहिताना नवखे लोक बहुतेक एकाच जागी फसतात: राजघराण्यांच्या वंशावळीची पन्नास पानं लिहितात. वाचायला छान, पण खेळताना सूत्रधाराला हवं असतं ते दार, त्यामागचा माणूस आणि त्याला काय हवंय, तेही एका नजरेत. कच्चा मजकूर दुसऱ्या सूत्रधाराला द्या आणि बाजूला गप्प बसा. ती जिथे मागची पानं उलटू लागेल, तिथे खूण करा. समजावून सांगायचा मोह आवरा. पुस्तकाबरोबर आपण प्रत्येकाच्या घरी जाणार नाही.

छपाईला १६ पानी फॉर्मच्या हिशेबाने जा: ३२ किंवा ४८ पानं. ऑफसेटला प्लेटचा खर्च ठरलेला असतो, म्हणून प्रेसवाला सांगेल, "हजार काढा, प्रत स्वस्त पडेल." पडेल खरी, पण उरलेले गठ्ठे घरात ठेवावे लागतील. आधी डिजिटल छपाईवर पन्नास काढा, प्रत महाग पडली तरी. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. आणि पात्राचा कागद, ज्यावर ताकद-चपळाई लिहायची तो, शेवटच्या पानावर स्वतंत्र छापून खाली स्पष्ट लिहा: झेरॉक्स काढायला परवानगी आहे.