अडकलेल्या गोळीची साक्ष

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. त्याचं गाव कांबळवाडी राधानगरी तालुक्यातलं, म्हणजे आपल्या मुरगूडच्या शेजारच्या तालुक्यातलंच. त्या पदकानंतर आपल्या भागात रायफलबद्दल बोलणं वाढलं, आणि ते वाढायलाच हवं होतं. पण त्याच्या रायफलची एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती एका वेळी एकच गोळी घेते. नेमबाज आपल्या बोटांनी गोळी ठेवतो, बोल्ट पुढे सारतो आणि मग नेम धरतो. गोळी नीट बसली की नाही हे बोटांनाच कळतं.

मुरगूड परिसरातून फौजेत गेलेल्या जवानाला ही सवड नसते. त्याच्या हातातली रायफल पुढची गोळी आपली आपण भरून घेते. ही सोय जितकी मोठी, तितकाच तिच्यातला बिघाडही जिवावर बेतणारा. नवी कोरी रायफल, नवं मॅगझिन (गोळ्यांचा डबा), नवी गोळी असतानाही चौथ्या-पाचव्या गोळीला बोल्ट मधेच अडतो. असं का होतं?

आधी ती चालते कशी ते पाहू. गोळी सुटली की नळीतला थोडा वायू एका छोट्या छिद्रातून बाहेर पडून पिस्टनला धक्का देतो. पिस्टन बोल्टला मागे ढकलतो. बोल्ट जाता जाता रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो. मागची स्प्रिंग बोल्टला परत पुढे ढकलते, आणि पुढे येताना तो मॅगझिनमधली सर्वांत वरची गोळी उचलून उताराच्या पट्टीवरून चेंबरमध्ये सारतो. मिनिटाला ६०० गोळ्यांच्या वेगाने चालणाऱ्या रायफलमध्ये हा सगळा फेरा सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो. तेवढ्यात मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढची गोळी वर आणून तयार ठेवायची असते, तीही बोल्ट तिथे पोहोचण्याच्या आत.

म्हणजे चार गोष्टी जुळून याव्या लागतात: वायूचा जोर, मॅगझिनची स्प्रिंग, गोळीचा आकार आणि चेंबरची स्वच्छता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसीवर काम करणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. एकेक भाग टॉलरन्समध्ये पास होतो, पण चार भागांचे फरक एकाच बाजूला साठले की जोडणी अडते. नव्या रायफलमध्ये स्प्रिंगा ताठ असतात, घासणारे पृष्ठभाग अजून गुळगुळीत झालेले नसतात, त्यामुळे अशी अडचण सुरुवातीलाच डोकं वर काढते.

आणि बहुतेक वेळा गुन्हेगार रायफल नसते, मॅगझिन असतं. सर्वांत जास्त हाताळलेला, पडलेला, आपटलेला भाग तोच. त्याच्या वरच्या दोन ओठांनी गोळीला ठरलेल्या कोनात धरून ठेवायचं असतं. ओठ जरा फाकले की गोळी वेळेआधी सुटते आणि दोन गोळ्या एकदम पुढे येतात. स्प्रिंग थकली की गोळी उशिरा वर येते. मग बोल्ट तिच्यावरून निघून जातो, किंवा तिचं टोक खाली झुकून पट्टीवर आपटतं. जाणकार आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणूनच मॅगझिनवर नंबर टाकतात. ३ नंबरचं मॅगझिन ज्या रायफलला लावावं तिथे गोळी अडकत असेल, तर दोष कुठे आहे ते उघड झालं. मॅगझिन बदलूनही तीच रायफल अडत असेल, तर वायू, चेंबर आणि गोळीच्या लॉटकडे वळायचं. इतकी साधी तपासणी सोडून थेट रायफलला शिव्या घालणं मला पटत नाही.

आपल्या देशात या प्रश्नाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे फौजेची इन्सास रायफल. तिचा आराखडा पुण्याच्या पाषाण भागातल्या आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने केला. बनवली इशापूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांनी. तिच्या ५.५६ मिमी गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचाही समावेश. आत फिरणारा बोल्ट आणि लांब फटक्याचा पिस्टन कलाश्निकोव्हच्या घराण्यातला, वायू कमी-जास्त करायचा रेग्युलेटर फौजेच्या जुन्या एसएलआर रायफलच्या वळणाचा. मॅगझिन २० गोळ्यांचं, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं, म्हणजे किती गोळ्या उरल्या ते बाहेरूनच दिसावं. कल्पना चांगलीच होती.

१९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर ही रायफल पहिल्यांदा मोठ्या लढाईत उतरली आणि तक्रारी आल्या. गोळी अडकते, थंडीत मॅगझिनला तडे जातात, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवली असताना ती थांबायचंच विसरते. यातली मॅगझिनची तक्रार कशी उद्भवते ते समजणं कठीण नाही. प्लॅस्टिक गारठलं की ठिसूळ होतं आणि दगडावर आपटलं की तडकतं. तडकलेल्या डब्यात स्प्रिंग सरळ राहत नाही आणि गोळीचा कोन बिघडतो. अशा वेळी रायफलचा एकही भाग न मोडता ती निकामी होते.

ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत शाही नेपाळी सेनेचे ४३ सैनिक मारले गेले. नेपाळी सेनेने भारताने दिलेल्या इन्सासला दोष दिला. भारताच्या बाजूने उत्तर आलं की रायफल नीट हाताळली गेली नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. त्या रात्रीच्या कुठल्या रायफलमध्ये कुठल्या मॅगझिनमधली कुठली गोळी कशी अडकली होती, हे आता कोण सांगणार?

माझ्या मते या सगळ्याची खरी गाठ इथेच आहे. गोळी अडकण्याचा पुरावा फार थोडा वेळ टिकतो. अडकलेली गोळी कुठे आहे, तिचं टोक वर आहे की खाली, रिकामं काडतूस अजून चेंबरमध्ये आहे की बोल्टमध्ये चिमटलंय, यावरून कारण ओळखता येतं. पण लढाईत जवानाला जे शिकवलेलं असतं ते याच्या नेमकं उलट, आणि तेच बरोबर आहे. मॅगझिनला थाप मारायची, बोल्ट खेचायचा, गोळी फेकायची, पुन्हा फायर करायचं. दोन सेकंदांत पुरावा चिखलात जातो. जीव वाचतो, कारण हरवतं. कारण हरवलं की उरतो तो वाद, आणि आपल्याकडे तो देशी विरुद्ध परदेशी असाच पेटतो.

खेळात मात्र पुरावा जपण्याचा नियमच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. ते पिस्तूल अर्धस्वयंचलित असतं, ५ गोळ्यांच्या मॅगझिनचं. त्याच्या .२२ गोळीला तळाशी कडा असते, आणि वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली की भरणं थांबतं. असं झालं तर नेमबाजाने पिस्तूल निशाण्याच्या दिशेनेच धरून मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. त्याने स्वतः बोल्ट खेचून पाहिला तर बिघाड ग्राह्य धरला जात नाही. अधिकारी पाहतो, दोष हत्याराचा की माणसाचा ते ठरवतो आणि मगच पुढची संधी देतो. स्पर्धेतल्या काही गुणांसाठी आपण इतकी काळजी घेतो.

युद्ध चालू असतानाही कारण शोधता येतं हे अमेरिकेच्या एम-१६ रायफलने दाखवलं. व्हिएतनाममध्ये त्या नव्या रायफली अडकू लागल्या आणि त्यांच्यासोबत मृत सैनिक सापडू लागले. १९६७ मध्ये खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी केली. निघालं असं, की रायफल मंजूर झाल्यावर गोळीतली दारू बदलली होती. त्यामुळे बोल्टचा वेग वाढला आणि काजळीही वाढली. त्यात सैनिकांकडे साफसफाईचं पुरेसं साहित्य नव्हतं, आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने रिकामी काडतुसं आत चिकटत होती. तीन वेगवेगळ्या चुका एका चेंबरमध्ये येऊन भेटल्या होत्या. मुलामा दिला, सफाईचं साहित्य दिलं, प्रशिक्षण सुधारलं आणि तीच रायफल पुढे दशकानुदशकं चालली. ब्रिटनने आपली एसए-८० रायफल २००० नंतर हेक्लर अँड कॉख कंपनीकडून सुधारून घेतली, तेव्हा बदललेल्या भागांत मॅगझिनही होतं.

हे वाचून कुणाला घरातलं हत्यार उघडून बसावंसं वाटू नये म्हणून एक सांगितलंच पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो. पिकं राखायला परवान्याची बंदूक ठेवणाऱ्या शेतकऱ्यानेही ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी. फौजेत हे काम शिकलेल्या आर्मररचं असतं.

आता इन्सासची जागा दुसऱ्या रायफली घेत आहेत. एके-२०३ साठी डिसेंबर २०२१ मध्ये रशियासोबत ६ लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला आणि त्या अमेठीजवळच्या कोरवा इथे तयार होत आहेत. गोळी वेगळी, मॅगझिन ३० गोळ्यांचं, कारखाना नवा. म्हणजे जुळवण्याच्या चारही गोष्टी पुन्हा नव्याने जुळवायच्या. फायरिंग रेंजवर तरी अडकलेली गोळी काढण्याआधी कुणीतरी तिच्याकडे पाहावं, रायफलचा नंबर, मॅगझिनचा नंबर, गोळीचा लॉट आणि त्या दिवशीचं तापमान लिहावं, आणि ती नोंद पाषाण, वरणगाव, कोरवा या तिन्ही ठिकाणी जावी. सुट्टीवर आलेला जवान मुरगूडच्या पारावर बसून आपल्या रायफलबद्दल जे सांगतो, त्यातलं बरंचसं त्या नोंदीत आधीच लिहिलेलं असायला हवं.